कमांडर किंग आणि चौदा अर्ज: 'तलवार'वरचे दहा दिवस

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नाविकांनी बंड केलं, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. त्याआधीचे दहा दिवस सहसा नसतात. ८ फेब्रुवारीला 'तलवार'चा प्रमुख कमांडर किंग याने बराकीत शिरून नाविकांना आईबापावरून शिव्या दिल्या. चौदा नाविकांनी त्याच्याविरुद्ध रीतसर लेखी तक्रारी केल्या. त्या तक्रारींचं पुढे काय झालं, ही खरी या प्रकरणाची गोष्ट. उठावाकडे स्वातंत्र्यलढ्याच्या बाजूने बघायला भरपूर साहित्य आहे. इथे मी तो एका जहाजाच्या प्रमुखाचं अपयश म्हणून मांडतोय, कारण त्या अंगाने पाहिलं की जे दिसतं ते मला जास्त अस्वस्थ करणारं वाटतं.

आधी 'जहाज' या शब्दाविषयी. 'एच. एम. आय. एस. तलवार' पाण्यात कधी नव्हतीच. कुलाब्याला जमिनीवर असलेली ती नौदलाची सिग्नल शाळा. ब्रिटिश नौदलाच्या प्रथेनुसार किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचं नाव आणि जहाजाचाच कायदा. त्यामुळे तिथला कमांडिंग ऑफिसर हा मुख्याध्यापक नव्हे, कप्तान. शिक्षा तोच देणार, रजा तोच देणार, तक्रारही त्याच्यापुढेच जाणार.

इथे शिकणारे आणि काम करणारे बहुतेक नाविक वायरलेस आणि सिग्नलच्या शाखेतले. म्हणजे लिहिता-वाचता येणारे, इंग्रजी समजणारे, वर्तमानपत्र वाचणारे. महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्ही काही पटींनी फुगली होती. भरती करताना पगार, बढती, युद्धानंतरची नोकरी अशी बरीच गाजरं दाखवली गेली होती. युद्ध संपलं आणि हीच मुलं घरी पाठवण्याच्या यादीत लागली. जेवण खराब होतं. त्याच कामाला गोऱ्या नाविकाला मिळणारा पगार आणि सोयी वेगळ्याच होत्या. दिल्लीत लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालू होता आणि त्याच्या बातम्या बराकीत चवीने वाचल्या जात होत्या. एवढं सगळं किंग येण्याच्या आधीचं, त्यामुळे याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

उलट थोडं त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. 'तलवार'वरची शिस्त तो येण्यापूर्वीच हातातून निसटत होती. १ डिसेंबर १९४५ला नौदल दिन होता आणि मुंबईकरांना तळ दाखवायचा बेत होता. त्या सकाळी अधिकारी आले तेव्हा परेडच्या मैदानावर जळालेल्या पताका पडल्या होत्या, डोलकाठीवर झाडू आणि बादल्या लटकत होत्या आणि भिंतीभिंतींवर फूटभर अक्षरांत 'क्विट इंडिया' लिहिलेलं होतं. यामागे बलाई चंद दत्त या टेलिग्राफिस्टचा छोटासा गट होता. आधीचे कमांडर कोल यांच्याकडून काही आवरेना, म्हणून त्यांच्या जागी कमांडर किंग आला. त्याला तिथे पाठवण्यामागे वरिष्ठांचा हिशेब सरळ होता: कडक माणूस पाठवा, घडी बसेल.

२ फेब्रुवारीला हिंदुस्थानातल्या फौजांचे सरसेनापती जनरल ऑचिन्लेक 'तलवार'ला भेट देणार होते. आदल्या रात्री कडेकोट पहारा असूनही सलामीच्या व्यासपीठावर 'जय हिंद' आणि 'क्विट इंडिया' उमटलं. या वेळी मात्र दत्त सापडला. त्याला कोठडीत टाकलं गेलं. बातमी वर्तमानपत्रांपर्यंत गेली आणि कालपर्यंत दहा-वीस जणांचा असलेला गट एकदम बराकीचा हिरो झाला. आर. के. सिंग नावाच्या नाविकाने तर थेट नोकरीचा राजीनामाच पुढे केला. नौदलात राजीनामा हा प्रकारच नसतो. त्याला किंगपुढे उभं केलं तेव्हा त्याने टोपी जमिनीवर फेकून लाथाडली म्हणतात. त्याची रवानगी आर्थर रोड तुरुंगात झाली.

म्हणजे ८ फेब्रुवारीपर्यंत किंगची अवस्था अशी होती: गुन्हेगार एक सापडलाय, बाकीचे कोण ते माहीत नाही, प्रत्येक नाविक संशयित दिसतोय आणि वरून साहेबाचा डोळा. अशा वेळी माणूस चिडतो, हे समजू शकतं. पण कमांड देताना नेमकी याच क्षणाची परीक्षा घेऊन दिलेली असते.

बराकीतली सकाळ

८ फेब्रुवारी, शुक्रवार. महिला नौदल शाखेतल्या काही मुली बराकीवरून जात होत्या. आतून कुणीतरी शीळ घातली, आवाज काढले. हे वागणं वाईटच होतं आणि त्याबद्दल शिक्षा व्हायलाच हवी होती. किंगकडे त्यासाठी नियमांचं आख्खं पुस्तक होतं: चौकशी लावता आली असती, बराकीच्या प्रमुखाला जाब विचारता आला असता, सगळ्यांची सुटी बंद करता आली असती. यातलं काहीच त्याने केलं नाही. तो स्वतः आत गेला आणि तोंड सोडलं. कुत्रीच्या पोरांनो, कुलीच्या पोरांनो, जंगल्यांच्या पोरांनो, अशा अर्थाच्या इंग्रजी शिव्या नोंदवल्या गेल्या आहेत.

या शिव्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जहाजावर शिवीगाळ नवीन नसते. जुने नाविक सांगतात की बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या मुकादमाच्या, तोंडी शिवी नसेल तर काम चालत नाही. पण या तीनपैकी दोन शिव्या नाविकांच्या वागण्याबद्दल नव्हत्याच. त्या ते कोण आहेत, कुठल्या देशातले, कुठल्या घरातले याबद्दल होत्या. शीळ घालणारे दोघे-चौघे असतील, शिवी मात्र सगळ्यांना बसली. ज्यांनी शीळ घातली नव्हती, ज्यांना दत्तची घोषणाबाजी आवडत नव्हती, ज्यांना गुपचूप सेवा संपवून घरी जायचं होतं, ते सगळे एका वाक्यात दत्तच्या बाजूला ढकलले गेले. दोन महिने भिंती रंगवूनही दत्तच्या गटाला हे जमलं नव्हतं.

आणि तरीही बंड झालं नाही, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाविकांनी त्या दिवशी काही फोडलं नाही, कुणाला धक्काबुक्की केली नाही. चौदा जणांनी अर्ज लिहिले. सगळ्यांनी मिळून एक नव्हे, प्रत्येकाने आपला वेगळा. कारण सैन्याच्या नियमात एकत्र येऊन केलेली तक्रार हाच बेशिस्तीचा गुन्हा धरला जाई. तक्रार ज्याची त्याने स्वतंत्र करायची. या पोरांना हा नियम माहीत होता आणि अपमानाच्या भरातही त्यांनी तो पाळला. शिस्त म्हणून यापेक्षा वेगळं काय दाखवायचं असतं?

अर्ज गेले ते किंगच्या हाताखालचे कार्यकारी अधिकारी लेफ्टनंट कमांडर शॉ यांच्याकडे. शॉ यांनी ते दाबले नाहीत. प्रकरण गंभीर आहे हे ओळखून त्यांनी ते किंगपुढे ठेवले. किंगविरुद्धच्या तक्रारी किंगपुढेच! सासूची तक्रार सासूकडेच करायची, असला हा प्रकार. पण रचनाच तशी होती. जहाजाच्या प्रमुखावर तक्रार असेल तर ती कुणी ऐकायची, याची सोय कागदावर असली तरी तिची वाट त्याच प्रमुखाच्या टेबलावरून जायची.

इथून पुढे आठ दिवस किंगने काहीच केलं नाही. नाविकांचे अर्ज आणि गाऱ्हाणी ऐकण्याचा ठरलेला दिवस शनिवार, म्हणून शनिवारपर्यंत थांबायचं. ९ तारखेचा शनिवार तसाच गेला. एरवी जो माणूस भिंतीवरची एक घोषणा पुसायला रात्रभर पहारे लावत होता, त्याला स्वतःविरुद्धच्या चौदा लेखी तक्रारींसाठी वेळापत्रक मोडावंसं वाटलं नाही. वरच्या मजल्यावरचे साहेबही स्वस्थ होते. मुंबईचे फ्लॅग ऑफिसर, म्हणजे इथल्या नौदलाचे प्रमुख, रिअर ॲडमिरल रॅटरे यांचं कार्यालय काही कोसांवर नव्हतं. ते त्याच शहरात होतं.

१६ फेब्रुवारीला शनिवार आला. चौदा जण किंगपुढे उभे राहिले. माफीची वाट बघणाऱ्यांना दम मिळाला: वरिष्ठ अधिकाऱ्यावर खोटी तक्रार करणं हा गंभीर गुन्हा आहे, विचार करा. आपल्याच खटल्यात तो न्यायाधीश झाला होता आणि निकाल देण्याऐवजी त्याने फिर्यादींनाच आरोपीच्या पिंजऱ्याची वाट दाखवली.

माझ्या मते 'तलवार' हातातून गेली ती या खोलीत, शिव्यांच्या सकाळी नव्हे. शिवी पोटात घालणारी माणसं असतात. विशेषतः सैन्यात. पण नियमाने तक्रार करूनही तोच नियम उलटा आपल्या अंगावर येतो, हे कळलेल्या माणसाकडे नियम पाळायला कारण उरत नाही. दोन दिवसांनी दत्तच्या मित्रांनी संपाची हाक दिली तेव्हा त्यांना कुणाची समजूत घालावी लागली नाही. ते काम शनिवारी किंगनेच उरकलं होतं.

रविवारी रात्री जेवणावरून कुरबूर झाली. सोमवारी, १८ फेब्रुवारीला सकाळी हजारावर नाविक नाश्ता न करता भोजनगृहातून बाहेर पडले. घोषणा साधी होती: अन्न नाही तर काम नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं, डाळीवरून भांडण झालं.

वरचे साहेब

दुपारी रॅटरे स्वतः 'तलवार'वर आले. आता किंगला हटवायला ते तयार होते. ८ तारखेनंतर कुठल्याही दिवशी हे एवढंच केलं असतं तर ती मोठी बाब ठरली असती. १८ तारखेला ती किरकोळ झाली होती. त्यातून त्यांनी किंगच्या जागी नेमलं कॅप्टन इनिगो-जोन्स यांना. कडकपणासाठी नाविकांत आधीच बदनाम असलेला माणूस. म्हणजे कोल जाऊन किंग आला तेव्हा जो हिशेब होता, तोच पुन्हा. पहिल्या औषधाने ताप वाढला हे दिसत असूनही तेच औषध दुप्पट मात्रेत देणारे हे वरिष्ठ मला किंगपेक्षा जास्त दोषी वाटतात. किंग निदान रागावलेला होता. यांना तर आग अंगावर आली तरी घाई नव्हती.

आणि मग ती गोष्ट, जी खरं तर कुणाही सिग्नल शाळेच्या प्रमुखाने सगळ्यात आधी लक्षात ठेवायला हवी होती. ज्या मुलांना किंगने कुलीची पोरं म्हटलं, नौदलाची वायरलेस यंत्रणा त्याच मुलांच्या हातात होती. 'तलवार'वरची बातमी बंदरातल्या जहाजांवर, तिथून कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कोलकात्यापर्यंत गेली ती नौदलाच्याच यंत्रांवरून. १९ तारखेला फोर्टमधल्या कॅसल बराकी आणि बंदरातली जहाजं सामील झाली. मध्यवर्ती संप समिती बनली, अध्यक्ष सिग्नलमन एम. एस. खान, उपाध्यक्ष टेलिग्राफिस्ट मदन सिंग. जहाजांवरून युनियन जॅक उतरला आणि काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे एकदम चढले. समितीच्या मागण्यांत किंगवर कारवाई होतीच, पण आता तिच्या शेजारी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणणं हेही आलं होतं. शेवटी सहभागी झालेल्या जहाजांची संख्या ७८ आणि नाविकांची सुमारे २०,००० सांगितली जाते.

२१ तारखेला कॅसल बराकींवर गोळीबार झाला. त्याच दुपारी नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल जॉन गॉडफ्रे रेडिओवरून बोलले. सरकारच्या हाती प्रचंड बळ आहे, ते पुरेपूर वापरलं जाईल, मग ज्या नौदलाचा आपल्याला अभिमान आहे ते नष्ट झालं तरी हरकत नाही, असा त्यांचा सूर. हे ऐकताना मला शनिवारची ती खोली आठवते. हुद्दा तीन पायऱ्या वर गेलाय, भाषा सभ्य झालीय, पण उत्तर तेच: तक्रार मागे घ्या, नाहीतर बघून घेऊ.

तुलनेसाठी एक ताजं उदाहरण त्याच वर्षातलं होतं. जानेवारी १९४६मध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर रॉयल एअर फोर्सच्या गोऱ्या जवानांनी मायदेशी लवकर पाठवा म्हणून काम बंद केलं आणि ते लोण हिंदुस्थानातल्या आणि बाहेरच्या अनेक तळांवर गेलं. तिथे वरिष्ठांनी बोलणी केली, आश्वासनं दिली. काही पुढाऱ्यांवर नंतर खटले भरले गेले. पण हवाई दल बुडालं तरी चालेल असं रेडिओवरून कुणी बजावलं नव्हतं. म्हणजे तडजोड करता येत नव्हती असं नाही.

मुंबईने बाजू घ्यायला वेळ लावला नाही. गेट वे ऑफ इंडियापाशी लोक डबे, फळं, पाव घेऊन यायचे आणि नाविक होडक्यांतून येऊन ते घेऊन जायचे. २२ तारखेला कम्युनिस्टांच्या हाकेवर गिरण्या बंद पडल्या. परळ-लालबागच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या फिरल्या, गोळ्या चालल्या. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. दोन दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली, हजाराच्या घरात जखमी झाली. सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला आणि २३ तारखेच्या पहाटे जहाजांवर काळे झेंडे चढले. याच्या राजकारणावर वाद आजही चालू आहेत. त्यात मी शिरत नाही.

एवढं सगळं एका माणसाच्या जिभेमुळे झालं का? नाही. देश पेटलेला होता, कुठेतरी ठिणगी पडलीच असती. पण ती नेमकी 'तलवार'वर, त्याच आठवड्यात आणि एवढ्या जोराने पडली, यात किंगचा आणि त्याच्या वरिष्ठांचा वाटा मोठा आहे. पूर्वी नौदलात जे छोटे-मोठे संप झाले होते ते त्या त्या तळापुरते राहून विझले होते.

चौकशी

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फाजल अली, आणि सदस्यांत लाहोर उच्च न्यायालयाचे मेहरचंद महाजन. मराठी वाचकाला ही दोन्ही नावं भलत्याच कारणाने पाठ आहेत. पुढे राज्य पुनर्रचनेचा फाजल अली आयोग आणि बेळगावच्या सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग याच दोघांचे. त्या दोन अहवालांवरचा आपला राग क्षणभर बाजूला ठेवू. नौदलाच्या बाबतीत या मंडळींनी बरीच स्पष्ट साक्ष काढली. नाविकांची गाऱ्हाणी खरी होती, अधिकारी आणि नाविक यांच्यात दरी होती, आणि 'तलवार'वर वात पेटली ती किंगच्या भाषेमुळे आणि तक्रारी हाताळण्यातल्या त्याच्या दिरंगाईमुळे, असं चित्र त्यातून पुढे आलं.

यातली तक्रारीच्या वाटेची बाब अजूनही जुनी झालेली नाही. जानेवारी २०१०मध्ये अमेरिकन नौदलाने 'काउपेन्स' या क्रूझरच्या प्रमुख कॅप्टन हॉली ग्राफ यांना हटवलं. कारण हाताखालच्यांशी क्रूर आणि अपमानास्पद वागणूक. तिथेही शिव्या होत्या, सगळ्यांसमोर पाणउतारा होता, आणि आधीच्या 'विन्स्टन चर्चिल' या जहाजावरच्या वागण्याच्या कहाण्या आधीपासून फिरत असूनही त्यांना क्रूझर मिळाली होती. फरक एवढाच की तिथे इन्स्पेक्टर जनरल नावाचा जहाजाबाहेरचा माणूस होता. तक्रार त्याच्याकडे गेली, त्याने साक्षी घेतल्या, प्रमुख घरी गेल्या. उशीर झाला, पण जहाज जाग्यावर राहिलं. 'तलवार'च्या चौदा जणांना असा कुणी माणूस उपलब्ध नव्हता.

गॉडफ्रे यांच्या जागी मार्च १९४६मध्येच व्हाइस ॲडमिरल जेफ्री माइल्स आले. नाविकांपैकी शेकडो पकडले गेले, मुलुंडच्या छावणीत डांबले गेले, आणि ४७६ जण बडतर्फ झाले असं सांगितलं जातं. थोडे महिने थांबले असते तर यातले बरेच जण रीतसर निवृत्तीचे कागद आणि बक्षिसी घेऊन घरी गेले असते. स्वातंत्र्यानंतर भारताने त्यांना नौदलात परत घेतलं नाही, पाकिस्ताननेही नाही. दत्त पुढे मुंबईतच पत्रकारितेत आणि जाहिरातीच्या धंद्यात रमले. त्यांचं आणि मदन सिंग यांचं नाव नौदलाने नंतर आपल्या दोन टग बोटींना दिलं.